पैसे कुठल्या क्षणी घेता?

मी मोबाइल गेमच्या लेव्हल बनवते हे कळलं की, पुढचा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "नफ्याच्या हव्यासापायी गेममधली कल्पकता मेली, असं नाही वाटत तुम्हाला?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नफ्याला सरसकट दोष देणं मला पटत नाही. १९७९ साली चार प्रोग्रामर अटारी ही व्हिडिओ गेम कंपनी सोडून बाहेर पडले. त्यांचे गेम कंपनीला धो धो पैसा मिळवून देत होते, पण खोक्यावर त्यांचं नाव नव्हतं आणि विक्रीत वाटाही नव्हता. त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली, गेम बनवणाऱ्याला श्रेय द्यायला सुरुवात केली, आणि १९८२ मध्ये त्यांच्यातल्याच डेव्हिड क्रेनचा 'पिटफॉल' हा गाजलेला गेम आला. मेहनतीचा मोबदला हवा म्हणून निघालेल्या माणसांनीच तो घडवला.

माझ्या मते बघायचं ते हे, की खेळाडूकडून पैसे घेतले जातात कधी. गेम एकदाच विकायचा असेल, तर पैसे वसूल झाल्यासारखं त्याला वाटावं यासाठी सगळी धडपड असते. 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० पासून अपुऱ्या रूपात विकत मिळत होता, पुरा झाला ऑगस्ट २०२३ मध्ये, आणि गेमच्या आत आणखी काही विकत घ्यायला लावणारं दुकान नाही. फुकट गेममध्ये मात्र पैसे खेळ चालू असताना मिळवायचे असतात, म्हणून खेळाडू कुठेतरी अडावा लागतो. 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव असतात. हरलात की एक गेला, परत यायला अर्धा तास. चाली संपल्या की आणखी पाच चाली विकत. तो अर्धा तासही कुणीतरी डोकं लावून डिझाइन केलेला आहे. कल्पकता तिथेही भरपूर आहे, फक्त ती माणसाला थांबवण्यात खर्ची पडते.

आमच्या मीटिंगमध्ये प्रत्येक लेव्हलचा आलेख समोर असतो: किती जण हरले, किती जण कंटाळून निघून गेले, पैसे कितींनी भरले. पूर्वीच्या एका कंपनीत मी एका लेव्हलमध्ये खालच्या रांगेतून एक चोरवाट ठेवली होती. नीट निरखून खेळणाऱ्यालाच ती दिसायची, आणि सापडली की लोक खूश होऊन पुन्हा तीच लेव्हल खेळायचे. पण वाट सापडलेला माणूस जादा चाली विकत घेईना. पुढच्या अपडेटमध्ये ती बुजवली गेली. लेव्हल वाईट आहे, असं त्या खोलीत एकही जण म्हणाला नव्हता. मला याचा राग अजून येतो.

मासिक वर्गणीचं गणित आणखी वेगळं, कारण त्यात नेमक्या कुठल्या गेमने किती कमावलं हे दाखवणंच अवघड. 'हाय-फाय रश' हा गेम जानेवारी २०२३ मध्ये पहिल्या दिवसापासून गेम पासवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीच्या सेवेवर होता. गाण्याच्या ठेक्यावर वार करायचे, अख्खं शहर त्याच ठेक्यावर हलतं. खेळून बघाच! कौतुक झालं, पुरस्कार मिळाले, तरी मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारा टँगो गेमवर्क्स हा जपानी स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. तीन महिन्यांनी ती टीम आणि गेमचे हक्क क्राफ्टनने घेतले. क्राफ्टन म्हणजे पब्जीवाली, आपल्याकडे बीजीएमआय हा पब्जीचा भारतीय अवतार चालवणारी कंपनी.