मु. पो. रिव्हरवुड, ता. व्हाइटरन

आमचा दगडू सध्या रिव्हरवुडला असतो. नदीकाठचं एवढंसं गाव. एक लोहार, एक किराणा दुकान, एक खानावळ, एक लाकडाची वखार आणि हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी घरं. उजाडलं की दगडू वखारीजवळच्या ठोकळ्यावर लाकडं फोडतो, ती वखारीत देतो, मिळालेल्या पैशांत खानावळीत खोली घेतो आणि झोपतो. तलवार बाळगत नाही. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. लग्नाचं अजून बघितलेलं नाही.

हे सगळं कॉम्प्युटरवरच्या एका गेममध्ये चालतं आणि दगडूला चालवणारा मी आहे. वय बेचाळीस, व्यवसायाने अकाउंटंट. रात्री जेवणं झाली की तासभर मी लाकडं फोडतो. पहिल्यांदा आईने हे पाहिलं तेव्हा ती पाचेक मिनिटं मागे उभी राहिली आणि मग म्हणाली, "मोरीतला नळ महिनाभर गळतोय, त्याच्याकडे बघायला तुला वेळ नाही. आणि इथे लोकांची लाकडं फोडून देतोस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नळ अजून गळतो.

गेमचं नाव स्कायरिम. बेथेस्डा कंपनीने तो 11 नोव्हेंबर 2011 रोजी बाजारात आणला, म्हणजे अकरा-अकरा-अकरा. ज्योतिषाला विचारून काढलेला मुहूर्त वाटावा अशी तारीख. गेमची सुरुवातही तशीच दणक्यात होते. हात बांधून तुम्हाला गाडीतून वधस्तंभाकडे नेत असतात, मान ठोकळ्यावर टेकते, कुऱ्हाड वर जाते आणि तेवढ्यात आकाशातून ड्रॅगन येतो. पळापळ, आगीचा डोंब. पुढे कळतं की तुम्ही साधेसुधे कैदी नसून ड्रॅगनचा आत्मा घेऊन जन्मलेले अवतारी पुरुष आहात. नुसत्या गर्जनेने समोरच्याला उडवू शकता. जग बुडायला आलंय आणि ते तुम्हीच वाचवायचंय.

मी दोन वेळा वाचवलं. दुसऱ्या वेळी वाचवताना जांभया येत होत्या.

जगाचा तारणहार असण्यात एक अडचण असते. जो भेटतो तो काम सांगतो. राजा सांगतो, जादूगार सांगतो, रस्त्यात हरवलेली अंगठी शोधणारी बाई सांगते. माझं ऑफिसही असंच आहे. मार्चअखेरीला मलाही सगळे तारणहारच समजतात. घरी येऊन पुन्हा तेच करायचं तर गेम कशाला खेळायचा?

ह्या गेमची खरी मजा त्याच्या मॉड्समध्ये आहे. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेमला लावलेली ठिगळं. फेब्रुवारी 2012 मध्ये कंपनीने त्यासाठी लागणारी अवजारं लोकांना फुकट देऊन टाकली आणि तेव्हापासून हौशी मंडळी जी बसली आहेत ती अजून उठलेली नाहीत. त्यातलं 'ऑल्टरनेट स्टार्ट' नावाचं एक मॉड घेतलं की तो वधस्तंभ, तो ड्रॅगन, सगळं टळतं. तुम्ही एका ओसाड कोठडीत जागे होता. समोर मारा देवीची मूर्ती. ती विचारते, बाबा रे, तुला कोण व्हायचंय? शिकारी हो, फुटलेल्या जहाजातून वाचलेला हो, खानावळीत उतरलेला पाहुणा हो. एवढं निवडायचं, कोठडीतल्या खाटेवर झोपायचं, की दुसऱ्या जन्मात जाग येते. चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरायची भानगड नाही.

मी खानावळीतला पाहुणा झालो. नाव काय द्यायचं ह्यावर मात्र अर्धा तास गेला. इतर लोक तिथे भारदस्त नावं देतात. मला आजीची आठवण झाली. तिच्या पिढीत ज्या घरी मुलं जगत नसत, तिथे पुढच्या पोराचं नाव मुद्दाम दगडू, धोंडू नाहीतर केरबा ठेवत. दगडाकडे, केराकडे कोण कशाला बघतंय? काळाचीही नजर वरून निघून जावी. माझंही तेच म्हणणं होतं. ह्या जगात एक भविष्यवाणी अवताराला शोधत हिंडत होती. तिने यादी वाचावी, दगडू असं नाव दिसावं आणि तिने पुढे जावं.

आणि गंमत म्हणजे गेमची रचनाच अशी आहे की हे खरोखर घडतं. व्हाइटरनच्या सरदाराकडे तुम्ही निरोप घेऊन गेलात, त्याच्या सांगण्यावरून डोंगरातल्या थडग्यातून शिळा आणलीत, शहराबाहेरच्या बुरुजाजवळ पहिला ड्रॅगन मारलात, की मग पुढे रानोमाळ ड्रॅगन उतरू लागतात. नाही गेलात तर येत नाहीत. एकही नाही. प्रलय बिचारा दाराबाहेर चपला काढून बसून राहतो. ते थडगं, ब्लीक फॉल्स बॅरो, लाकडं फोडताना मान वर केली की समोरच्या डोंगरावर दिसतं. काळ्या दगडाच्या कमानी, वर बर्फ. दगडू एकदा बघतो आणि पुढचं लाकूड ठोकळ्यावर ठेवतो. त्याच्या ह्या निरुत्साहामुळे मुलखात आजवर किती माणसं वाचली असतील ह्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

हिशेबावरून आठवलं. मूळ गेममध्ये सरपणाच्या एका तुकड्याचे पाच सेप्टिम मिळतात आणि खानावळीतल्या खोलीचं रात्रीचं भाडं दहा. म्हणजे दोन तुकडे फोडले की मुक्कामाची सोय. एका ठोकळ्यावर कुऱ्हाडीचे तीन घाव घातले की सहा तुकडे निघतात. मिनिटभराच्या कामात तीन रात्रींचं भाडं! हे काही मला पटेना. मजुराला अशी चैन कुठल्या राज्यात असते? तेव्हा पैसे कमी मिळावेत म्हणून एक मॉड टाकलं. भूक लागावी म्हणून दुसरं. थंडी वाजावी म्हणून 'फ्रॉस्टफॉल'. दिवस लांबावा म्हणून घड्याळ हळू केलं, कारण एरवी तिथला अख्खा दिवस आपल्या 72 मिनिटांत उरकतो, माझा आता चार तास चालतो. गरिबीसुद्धा डाउनलोड करून घ्यावी लागली, आणि तीही नीट चालेना. एक मॉड दुसऱ्याच्या पायात पाय घालतं. कुणाला आधी आणि कुणाला नंतर बसवायचं ह्याचा क्रम लावणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत व्याह्यांना बसवण्यासारखं आहे, एकाचाही मान चुकून चालत नाही. एकदा हा क्रम चुकला तर अख्ख्या रिव्हरवुडची तोंडं काळीठिक्कर पडली. अंग गोरं आणि तोंड काळं. वखारीची मालकीण गेर्डुर त्याच तोंडाने माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होती.

स्वतःसाठी काही नियमही केले. नकाशावर बोट ठेवून उडी मारायची नाही, चालत जायचं. धावायचं नाही. कॅप्स लॉक दाबलं की माणूस धावायचं थांबून चालायला लागतो, हे मला बारा वर्षांनी कळलं. आणि मेला तर मेला, मागची सेव्ह उघडायची नाही.

ह्या शेवटच्या नियमाने पहिला दगडू गेला. लांडग्याने नाही, दरोडेखोराने नाही. व्हाइटरनला कोबी घेऊन निघाला होता, पूल वळसा घालून होता, म्हणून म्हटलं नदीतूनच जाऊ. दहा पावलं पोहला असेल. पैलतीरी पोचला तेव्हा कपडे ओले, अंधार पडलेला, चकमक नाही, जळण नाही. हातातल्या कोबीची शेकोटी होत नाही. काठावरच गारठून गेला. मी खुर्चीत बसून बघत होतो आणि आमच्याकडे मे महिना चालू होता, पंखा पाचवर होता, तरी अंगावर काटा आला. सध्याचा हा दगडू दुसरा. हा पुलावरूनच जातो.

तो व्हाइटरनच्या वेशीवर पहिल्यांदा पोचला तेव्हाची गोष्ट. तिथे पेलाजिया नावाचं शेत लागतं आणि पहिल्याच खेपेला शेतात एक राक्षस घुसलेला असतो. ताडमाड. तीन योद्धे त्याच्याशी झुंजत असतात. कथेची अपेक्षा अशी की तुम्ही तलवार उपसून धावावं. दगडू कुंपणाआड खाली बसला. राक्षस पडल्यावर त्या तिघांतली एला नावाची बाई आली आणि सुनावून गेली की खऱ्या योद्ध्याने अशी संधी सोडली नसती. बाई, योद्धा म्हणालं कोण? पाठीवर पोतं दिसत नाही का? नायक म्हणून खेळताना हेच वाक्य मी कानाआड केलं होतं. ह्या वेळी मात्र लागलं. गरिबाला भेकड म्हणणं किती सोपं असतं.

आणि तो नझीम! ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांच्या कपाळावर आत्ताच आठी पडली असेल. व्हाइटरनच्या बाजारात हा मनुष्य हिंडत असतो आणि दिसेल त्याला विचारतो, वरच्या पेठेत तुझं येणं-जाणं असतं का, छे, कसं असेल म्हणा. अवतारी पुरुष असताना ह्याचं हसू येतं, कारण सरदाराच्या वाड्याचं दार तुम्हाला सताड उघडं असतं. पण वेशीबाहेरचं चिलफरो नावाचं शेत ह्याच नझीमच्या मालकीचं आहे. सकाळभर त्याच्या शेतात वाकून माल काढायचा, संध्याकाळी बाजारात त्यानेच आपल्याला असं विचारायचं. खरं म्हणजे वरच्या पेठेत कधीच गेलेलो नव्हतो. खाली मान घालून "नाही मालक" असं मी चक्क तोंडाने म्हणालो, स्क्रीनसमोर.

ह्या शेतांवरची एक गोष्ट मला फार आवडते. तिथे उपटलेला माल शेतकरी जागेवर विकत घेतो, ठरल्या दराने. कोबी दोन, बटाटा एक, गव्हाची पेंढी पाच. दुकानदाराकडे घासाघीस चालते, तुमची जीभ किती चालते त्यावर भाव ठरतो. शेतावर नाही. आणली कोबी, घे दोन. आज दोन, उद्या दोन, पाऊस पडला तरी दोन, चार गावच्या कोबी एकदम आल्या तरी दोनच. माझे काका जुन्नर तालुक्यात टोमॅटो लावतात. पट्टी हातात आल्यावर आडत, हमाली, तोलाई वजा करत खाली खाली सरकणारी त्यांची नजर मी लहानपणापासून बघत आलोय. एका वर्षी तोडणीची मजुरीसुद्धा निघेना, तेव्हा त्यांनी उभ्या पिकात गुरं सोडली. दिवाळीला ते आले होते तेव्हा त्यांना दगडू दाखवला. ड्रॅगन, जादू, राक्षस ह्यांतलं काही त्यांना विशेष वाटलं नाही. कोबीचं सांगितलं तेव्हा मात्र चष्मा वर करून म्हणाले, "कधीच पडत नाही भाव?" नाही म्हटलं. "मग ही परीकथाच," म्हणाले आणि चहा मागितला.

बाकी गेमलाही कष्टकऱ्याची कदर नाहीच. एकूण 18 कौशल्यं दिली आहेत. कुलूप उघडायचं आहे, खिसा कापायचं आहे, चोरपावलांनी चालायचंसुद्धा आहे. शेतीचं नाही. स्वयंपाकाचं नाही. लाकूड फोडायचं नाही. खाणीत कुदळ मारून हात सोलवटले तरी नावावर काही जमा होत नाही. चोर दिसामाजी वर चढत राहतो. दगडू सहा महिने राबतोय, अजून पहिल्याच पायरीवर आहे. आमच्याकडेही बढतीचे निकष फार वेगळे नाहीत, पण ते जाऊ द्या.

त्याला करमणूक म्हणाल तर गावात एक प्रेमप्रकरण आहे. दुकानदाराची बहीण कॅमिला, तिच्यावर वखारीत काम करणारा फेन्डाल आणि खानावळीत गाणारा स्वेन, दोघांचा डोळा. दोघेही तुमच्या हातात खोटी चिठ्ठी कोंबायला बघतात, दुसऱ्याच्या नावाने लिहिलेली, म्हणजे कॅमिलाचं त्याच्यावरून मन उडावं. दगडूने कुणाचीच चिठ्ठी नेली नाही. रोज दोघांशी बोलणं असतं. एका बाजूने गेलो तर दुसऱ्याकडे तोंड कसं दाखवायचं? गावात राहायचं म्हणजे हे बघावं लागतं.

परवा रात्री दगडू खानावळीत सूप करायला बसला. कोबी होती, बटाटा होता, लीक होता. लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा थोराड भाऊ. आई दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवायला आली आणि नेहमीसारखी मागे थांबली.

"काय करतोय?"

"सूप."

"मीठ घातलं का?"

बघितलं, तर मीठच नव्हतं. आणि त्या गेममध्ये मिठाशिवाय हे सूप होतच नाही, नुसतं नाव करडं दिसत राहतं. खानावळवाल्याकडचं मीठही त्या दिवशी संपलेलं. मी म्हटलं, दुकान सकाळी आठला उघडतं.

"आत्ता किती वाजलेत तिकडे?"

"साडेसात."

एक बटण दाबलं की तासन् तास पुढे सरकतात, पण तेही मी नियमात बसवत नाही. दगडूला घेऊन बाहेर आलो आणि दुकानाच्या पायरीपाशी उभा केला. पलीकडे वखारीत करवत सुरू झाली होती. कोंबड्या हिंडत होत्या. आईने पातेलं टेबलावर ठेवलं, बाजूची खुर्ची ओढली.

"मग थांबू जरा," म्हणाली.