या हिवाळ्यात: मागे ब्लोअर, चाकांना साखळ्या

गेल्या मोसमापर्यंत मागे ब्लेड होतं, यंदा तिथे स्नो ब्लोअर आलाय. ट्रॅक्टर तोच, २५ एचपीचा हायड्रोस्टॅटिक (म्हणजे गिअर न बदलता पायानेच वेग कमी-जास्त होणारा), पुढे लोडर, म्हणजे उचलणारी बकेट. कामही तेच: ५० मीटर लांब, ३ मीटर रुंद खडीचा रस्ता, थोडा उताराचा, टोकाला वळायला मोकळी जागा. ब्लोअरबद्दल लिहायचंच आहे, पण त्याआधी साखळ्या आणि वजन. बर्फात एचपी कमी पडण्याआधी पकड सुटते, हे आता पुरतं पटलंय.

माझे टायर आर-४ नक्षीचे, म्हणजे औद्योगिक कामाचे आहेत. लोडरच्या कामाला उत्तम, पण दाबून घट्ट झालेल्या बर्फावर त्यांचे रुंद, गुळगुळीत गट्टे नुसते सरकतात. म्हणून मागच्या चाकांना साखळ्या. शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांची साखळी अशा टायरवर मला पसंत नाही, कारण आडवी पट्टी दोन गट्ट्यांमधल्या खाचेत जाऊन बसते आणि जमिनीला लागतच नाही. चौकटीच्या जाळीची साखळी गट्ट्यांवरच राहते. चढवल्यावर ट्रॅक्टर थोडा चालवायचा आणि पुन्हा ताणायची, पहिल्या फेरीत ती हमखास सैल होते. मडगार्ड आणि साखळी यांच्यातलं अंतर चाक पूर्ण फिरवून बघाच.

आता वजन: त्यासाठी टायरमध्ये साधं पाणी भरून इथे भागत नाही, ते गोठतं. कॅल्शियम क्लोराईडचं द्रावण स्वस्त आणि जड, पण गळलं तर रिम खातं. मी बीटपासून बनवलेला द्रव भरला. तो पाण्यापेक्षा जड असतो, कडक थंडीतही पातळ राहतो आणि रिम गंजवत नाही. त्यात आता मागे ब्लोअर लटकलाय, म्हणजे लोडरला तोलून धरणारं वजन आयतंच मिळालं.

उतारावरचा एक मुद्दा नव्यांनी नीट समजून घ्यावा. बऱ्याच कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. पुढे भरलेली बकेट असली की मागचा भार हलका होतो, आणि ब्रेक दाबल्यावर तीच हलकी चाकं थांबून घसरू लागतात. फोर-व्हील टाकलेलं असेल तर मागची आणि पुढची चाकं एकाच फिरत्या जोडणीत येतात, त्यामुळे ब्रेकचा जोर पुढेही पोचतो. तेव्हा चढताना नसलं तरी चालेल, उतरताना फोर-व्हील हवंच. बकेट जमिनीलगत, वेग चालण्याइतका.

आता बर्फाचा हिशेब. माझ्या १५० चौरस मीटरवर २० सेंटिमीटर थर म्हणजे ३० घनमीटर. ताजा, कोरडा बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तर ३ टन. तोच बसून किंवा ओला होऊन ३०० किलोवर गेला तर ९ टन. ब्लेडने हे सगळं कडेला सरकतं आणि तिथेच राहतं. कडेचा ढीग रात्रीत गोठतो, पुढच्या वेळी ब्लेड त्याच्या अलीकडेच अडतं, आणि मोसम सरेपर्यंत रस्ता आक्रसत जातो. म्हणून ब्लेडवाल्यांनी पहिला बर्फ गरजेपेक्षा खूप लांब ढकलून ठेवावा. तेव्हा तो हलकाही असतो.

जागेचा हा प्रश्न ब्लोअरने सुटला. ऑगर, म्हणजे पुढचा फिरणारा स्क्रू, बर्फ मधोमध ओढतो, त्यामागचा पंखा तो धुराड्यातून, म्हणजे वरच्या फेकनळीतून, दूर फेकतो, आणि कडेला भिंत उभी राहतच नाही. पीटीओ (ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद ब्लोअरला देणारा फिरता दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर पूर्ण ठेवायचा आणि वेग फक्त पायाने कमी-जास्त करायचा. दाट थर आला की चाल जवळजवळ शून्यावर आणायची, इंजिनचा आवाज खाली येऊ द्यायचा नाही. हायड्रोस्टॅटिकची खरी मजा इथे कळते. गिअरच्या ट्रॅक्टरवर पीटीओ स्वतंत्र नसेल तर क्लच दाबताच ब्लोअरही थांबतो, आणि अशा थांबण्यातच धुराडं तुंबतं. वारा ज्या दिशेला वाहतो तिकडेच फेकायचं, नाहीतर सगळं अंगावर.

ब्लोअर मागे असल्याने ट्रॅक्टर उलटा चालवावा लागतो आणि मागे बघून मान आखडते, हे खरंच आहे. जागा सरळ असेल तर पुढे लावायचा ब्लोअर सुखाचा, पण त्याला मधला पीटीओ आणि त्याची चौकट हवी, शिवाय दर वेळी लोडर उतरवावा लागतो. लोडर मला सोडवत नाही. सार्वजनिक रस्ता साफ करणारं यंत्र माझ्या तोंडाशी जो बांध सोडून जातं, तो दगडासारखा गोठलेला असतो. तो आधी बकेटने फोडतो, मगच ब्लोअर.

खडीच्या रस्त्यावर ब्लोअरचे पायटे (तळाचे घसरते आधार) जमिनीपासून २–३ सेंटिमीटर धार उचलून धरतील असे बसवलेत. पहिल्या एकदोन बर्फवृष्टींत जमीन गोठलेली नसते, तेव्हा तळाचा थर मुद्दाम ठेवून चाकांनी दाबला. तो गोठून खडीवर कवच झालं, आणि आता धुराड्यातून दगड उडत नाहीत. तरी एखादा मोठा दगड आत जातोच, तेव्हा शिअर बोल्ट तुटतो. तो तुटण्यासाठीच असतो. त्याजागी हाती लागेल तो कडक बोल्ट टाकला की पुढचा झटका थेट गिअरबॉक्सवर. उत्पादकाने सांगितलेल्याच जातीचे बोल्ट सीटखालच्या डब्यात ठेवलेत, सोबत दोन पाने.

थंडीत डिझेलमधलं मेण जमून फिल्टर बंद होतं, म्हणून हिवाळी डिझेल, आणि त्यात घालायचं द्रव्य डिझेल घट्ट होण्याआधीच. इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर रात्रीच लावतो. सुरू केल्यावर हायड्रॉलिक तेल पातळ व्हायला वेळ द्यायचा, लगेच लोडरवर जोर नको.

राहिलेलं दुखणं एकच: तापमान शून्याजवळ आलं की ओला बर्फ धुराड्यात चिकटतो. आत सिलिकॉनचा फवारा मारतो, पण तासाभरात परिणाम संपतो. तुंबलं की पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं फिरायचं थांबलं की मगच काठीने मोकळं करायचं. हात कधीच नाही, कारण बंद यंत्रातही अडकलेल्या ऑगरवर ताण उरलेला असू शकतो आणि तो सुटताच पातं फिरतं.

मूळ कारण पंख्याची पाती आणि बाहेरचं कवच यांच्यातली फट आहे, पातळ चिखलासारखा बर्फ तिथूनच मागे निसटतो. पुढच्या कोरड्या दिवशी पात्यांच्या टोकांना जाड रबरी पट्ट्या लावणार आहे, कवचाला जेमतेम घासतील इतक्या लांब. समोरासमोरच्या पात्यांवर सारख्याच वजनाच्या हव्यात, नाहीतर पंखा थरथरेल. रबर आणलंय, भोकं पाडायची बाकी आहेत. कुणी दोन थर एकावर एक लावून पाहिले असतील तर झीज कशी होते ते जरूर कळवा.