केसांना तेल न लावता काढलेले पंधरा दिवस

डोक्यावरून सौम्य वीज देऊन जुनाट दुखणं कमी होतं का, हे पाहणाऱ्या एका अभ्यासात मी भाग घेतला. पहिल्या दिवशी माझं सेशन झालंच नाही, कारण डोक्याला तेल होतं.

चांगलं चोपून लावलं होतं. मोठ्या दवाखान्यात जायचं तर केस विस्कटलेले कसे चालतील? खुर्चीत बसले, डोक्याला मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज लावले, वर रबराचा पट्टा. विजेला किती अडथळा होतोय त्याचा एक आकडा यंत्रावर दिसतो, तो दहाच्या खाली आला पाहिजे. माझा काही येईना. स्पंज पुन्हा भिजवले, पट्टा आवळला, तरी नाही. मग त्या संशोधक मुलीनं माझ्या भांगातून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काकू, तेल?" तेलातून वीज नीट जात नाही. समोरच्या टपरीवरून शॅम्पूची पुडी आणून तिथल्याच बाथरूममध्ये डोकं धुतलं, पण तोवर पुढच्या बाईची वेळ झाली होती. माहितीपत्रकात लिहिलं होतं, नाही असं नाही. "केस स्वच्छ धुऊन यावे." आता स्वच्छ धुऊन झाल्यावर तेल लावायचं नाही, हे आमच्याकडे कोणाच्या डोक्यात येणार?

मी अशोक चौकाच्या मागे राहते आणि युनिफॉर्म शिवते. सोलापुरातून शाळेचे गणवेश कुठंकुठं जातात, त्यातल्या कॉलर माझ्या हातच्या. एकोणीस वर्षं कॉलरच. नऊ वर्षांपूर्वी उजवा खांदा धरला. मग मान, मग पाठ, कंबर, दोन्ही मांड्या. सकाळी उठले की अंग रात्रभर कुणी तुडवल्यासारखं. एक्स-रे झाले, एमआरआय झाला, थायरॉईड, डी जीवनसत्त्व, सगळं. एका डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारून सांगितलं, "तुम्हाला काही झालेलं नाही, हे डोक्यातलं आहे." घरी येईपर्यंत रिक्षात रडले. सहा वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. नाव मिळाल्यानं दुखणं कमी झालं नाही, पण सासूबाईंना सांगायला एक शब्द झाला.

त्याच बाईंनी या अभ्यासाची चिठ्ठी दिली. एका विद्यापीठाचा गट जुनाट दुखण्यावर काम करत होता आणि त्यासाठी शहरातल्या एका रुग्णालयात त्यांनी एक खोली घेतली होती. डोक्यावरून सौम्य वीज देऊन दुखणं कमी होतं का, ते बघायचं. घरात मुलगा ताडकन उठला. "शॉक देणार? आई, वेडी झालीस का?" खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं.

म्हणून पहिल्या भेटीत आधी तेच विचारलं. अभ्यासाच्या मॅडमनी नीट सांगितलं. मनोरुग्णांना भूल देऊन देतात त्या उपचारात वीज ८०० मिलिअँपिअरच्या आसपास असते आणि फिटसारखा झटका आणणं हाच तिचा उद्देश असतो. इथं फक्त २ मिलिअँपिअर, तीही वीस मिनिटं, जागेपणी, बॅटरीवरच्या छोट्या डबीतून. शरीराची हालचाल चालवणारा मेंदूचा जो भाग आहे त्याच्यावर. १९९१ मध्ये जपानी शल्यविशारदांनी कवटीच्या आत तारा बसवून त्या भागाला वीज दिली आणि हट्टी दुखणं कमी झाल्याचं पाहिलं. तिथून हा विचार सुरू झाला. बाहेरून, काहीही न कापता असं करता येतं का, हे पाहणारा फायब्रोमायल्जियावरचा एक अभ्यास २००६ मध्ये छापून आला. त्यात रुग्ण होते ३२. "म्हणजे अजून पक्कं नाही?" मी विचारलं. "पक्कं असतं तर तुम्हाला बोलावलं नसतं, काकू," त्या म्हणाल्या. हे उत्तर मला आवडलं.

पण एक गोष्ट टोचत होती, तीही विचारून टाकली. म्हणजे दुखणं डोक्यातलंच, असंच ना शेवटी? त्या थांबल्या. मग माझं काम काय ते विचारलं आणि माझ्याच मशीनवर समजावलं. पायडलवरून पाय काढला तरी मोटर पळतच राहिली, तर कापड चुकीचं की शिवणारी खोटी? दोन्ही नाही. इजा कधीच बरी झालेली असते, पण मज्जासंस्थेची मोटर पळत राहते. दुखणं तीन महिन्यांच्या पुढं गेलं की त्याला जुनाट म्हणतात आणि ते स्वतःच एक आजार होऊन बसतं. वेदनेची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे, ती २०२० मध्ये सुधारली. तिच्या टिपांमध्ये लिहिलंय की माणूस दुखतंय म्हणत असेल तर त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. मी ती ओळ दाखवून पुन्हा वाचायला लावली.

चाळणी कडक होती. कधी फिट आली आहे का, डोक्यात धातूची पट्टी किंवा क्लिप, पेसमेकर, डोक्याला मोठा मार, गरोदरपण. गोळ्यांचा डोस गेले चार आठवडे बदललेला नको आणि पुढंही बदलायचा नाही. संमतीपत्र अकरा पानांचं, मराठीत. सही तिथंच करा म्हणून घाई केली नाही, घरी न्यायला दिलं. मुलानं क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीच्या साइटवर नोंदणी क्रमांक टाकून पाहिला, अभ्यासाचं नाव बरोबर निघालं, तेव्हा कुठं त्याचा आवाज खाली आला. कुणाला अशा अभ्यासात जायचं असेल तर एवढं नक्की बघा: तो क्रमांक, नैतिकता समितीचा फोन नंबर, काही इजा झाली तर खर्च कोणाचा, आणि मधेच सोडलं तर नेहमीच्या उपचाराला धक्का लागत नाही हे लिहून दिलंय का. माझ्याकडून एक पैसा घेतला नाही, उलट रिक्षाचे पैसे दिले. बुडालेली मजुरी मात्र माझीच. आमचं काम पीसवर, आणि युनिफॉर्मचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर चढतो, म्हणून मी मुद्दाम जानेवारी निवडला.

सगळ्यात अवघड वीज नव्हती. अवघड होती ती वही.

दोन आठवडे आधीपासून रोज तीनदा आकडा लिहायचा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं. मी विचारलं, दहा म्हणजे बाळंतकळा का? त्या म्हणाल्या, तुमचा दहा तुम्ही ठरवा. आता ठरवायचं कसं? सकाळी खांदा ठणकतो, त्याला सहा द्यावे. पण दुपारी मान वळवताना जी सणक येते ती क्षणभराचीच, ती नऊची, मग दुपारचा आकडा किती? संध्याकाळी मांड्या भरून येतात, रग लागते. ते दुखणं आहे की थकवा? कधी पाठीत आग, कधी बोटांत मुंग्या. आमच्याकडे कळ वेगळी, चमक वेगळी, ठुसठुस वेगळी, आणि हे सगळं एका चौकोनात.

शिवाय प्रश्नावलीतलं मराठी. "विद्युत धक्क्यासदृश वेदना", "अप्रिय संवेदना". मी म्हटलं, मॅडम, सणक लिहा की. त्यांनी समासात लिहून घेतलं, पण छापील कागदात एक शब्द जरी बदलायचा तर पुन्हा समितीपुढं जावं लागतं म्हणे. शेजारच्या अक्का विड्या वळतात, त्यांची मान माझ्याहून वाईट. त्यांना हे कागद दाखवले. घरात तेलुगू, बाजारात मराठी असं त्यांचं आयुष्य. "सदृश" पाशी अडकल्या त्या अडकल्याच.

पहिलं सेशन अखेर मंगळवारी झालं. डोक्यावर जागा शोधायला त्या मुलीनं टेप काढला तेव्हा मला एकदम घरचं वाटलं. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत एक माप, या कानापासून त्या कानापर्यंत दुसरं. दोन्हींचा मध्य म्हणजे टाळूचा बिंदू. तिथून डाव्या कानाकडं कानाकानातल्या मापाचा वीस टक्के खाली. माझं माप ३६ सेंटिमीटर, म्हणजे सात सेंटिमीटर दोन मिलिमीटर घ्यायचे. तिनं सात घेतले. मी म्हटलं, "दोन मिलिमीटर कमी आहे." कॉलरला दोन मिलिमीटर म्हणजे टोक वाकडं. ती हसली आणि पुन्हा मोजलं. एक स्पंज तिथं, दुसरा उजव्या भुवईच्या वर.

वीज सुरू झाल्यावर सुरुवातीला स्पंजाखाली खाज आणि टोचल्यासारखं. मिनिटभरात ते मावळलं. नंतर वीस मिनिटं काही नाही. खिडकीतून कडुलिंब दिसायचा. पट्टा काढला की कपाळावर लाल डाग, तासाभरात जायचा. एकदा डोकं दुखलं, तेही त्यांनी वेगळ्या फॉर्मवर लिहून घेतलं.

आणि यात एक मेख आहे. निम्म्या लोकांना खरी वीज, निम्म्यांना नुसता देखावा. देखाव्यातही सुरुवातीला अर्धा मिनिट वीज देतात, म्हणजे खाज सगळ्यांनाच येते, मग यंत्र गुपचूप बंद. कोण कुठल्या गटात ते त्या मुलीलाही ठाऊक नाही, ती फक्त दिलेला कोड यंत्रात टाकते. मुलाला हे फसवणूक वाटलं. मला नाही वाटलं, कारण सही करायच्या आधीच सांगितलं होतं. आणि माझ्या पाठीसाठी गेल्या नऊ वर्षांत मी ज्या पट्ट्या, बेल्ट, तेलं आणि काढे घेतले, त्यातलं खरं कोणतं आणि देखावा कोणता हे मला कोणी सांगितलं होतं?

दुसरा आठवडा गड्ड्याचा, म्हणजे आमच्या सिद्धरामेश्वरांच्या जत्रेचा आला. १३ तारखेला नंदीध्वज निघाले. सिद्धरामेश्वरांच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक चालला होता आणि माझं एकटीचं डोकं कोरडं ठणठणीत! सासूबाई म्हणाल्या, सणाला तरी बोटभर लाव. नाही लावलं. अक्षता सोहळ्याच्या दिवशी सेशनला सुट्टी, ते शनिवारी भरून काढलं. एके दिवशी मात्र नळाला पाणी आलं. आमच्याकडं चार-पाच दिवसांनी येतं, ते सोडून कुठं जाणार? फोन केला, त्यांनी वेळ दुपारची करून दिली. अभ्यासाच्या वेळापत्रकात पाण्याचा दिवस धरलेला नव्हता, माझ्यानंतर धरायला लागले असं ऐकलं.

दहा सेशन झाली. माझी सरासरी आधी साधारण सात होती, संपताना पाच. झोप सुधारली, हे नक्की. पहाटे तीनला उठणं थांबलं. महिन्याभरानं पुन्हा सहावर आले. तीन महिन्यांनी फोनवर विचारलं तेव्हाही सहा, आणि तो हंगामाचा मोसम होता, दिवसाला दहा तास मशीनवर. मॅडमनी एक गोष्ट बजावून सांगितली: अशी यंत्रं ऑनलाइन मिळतात, ती आणून घरी डोक्याला लावू नका.

मी कोणत्या गटात होते ते अजून कळलेलं नाही. शेवटच्या माणसाचं शेवटचं मोजमाप होईपर्यंत कोड उघडत नाहीत. अक्कांनी आता नाव दिलंय. त्यांच्यासोबत प्रश्न वाचायला तेलुगू येणारी एक मुलगी बसवणार आहेत. मी त्यांना तेलाचं आधीच सांगून ठेवलं.

शेवटच्या भेटीत एक प्रश्न होता: तुम्हाला काय वाटतं, खरी वीज मिळाली की देखावा? तिसरा चौकोन "सांगता येत नाही" चा. मी त्यावर खूण केली. खाली कारण लिहायला दोन ओळी होत्या. लिहिलं, रोज वीस मिनिटं मी बसून होते आणि मला कोणी उठवलं नाही. त्यातलं विजेचं किती आणि बसण्याचं किती, ते मला वेगळं करता येत नाही.