तुम्ही विचारलंत म्हणून: न्यू जर्सीत गांजा कायदेशीर आहे, पण तो आपल्याला चालतो का?

“न्यू जर्सीत गांजा आता कायदेशीर आहे ना? मग घेतला तर बिघडते कुठे?” हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, कारण मी स्थलांतरविषयक वकिलांच्या कार्यालयात व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाचे अर्ज तयार करण्याचे काम करते. विचारणाऱ्यांत नुकतेच नोकरीला लागलेले तरुण असतात, कॉलेजात जाणाऱ्या मुलांचे आईवडील असतात, आणि अलीकडे भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजीआजोबाही असतात. मी स्वतः वकील नाही, त्यामुळे एखाद्याच्या विशिष्ट प्रकरणाबद्दल मी बोलत नाही. पण सर्वसाधारण उत्तर मात्र स्पष्ट आहे. राज्याच्या कायद्याने गांजाला परवानगी आहे, आणि ज्याच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्व नाही त्याने त्या परवानगीवर विसंबून राहू नये.

आधी राज्याचा कायदा पाहू. ३ नोव्हेंबर २०२० रोजी, अध्यक्षपदाच्या निवडणुकीबरोबरच, न्यू जर्सीच्या मतदारांसमोर हा प्रश्न ठेवण्यात आला आणि सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी होकार दिला. गव्हर्नर फिल मर्फी यांनी २२ फेब्रुवारी २०२१ रोजी संबंधित विधेयकांवर सही केली, आणि २१ एप्रिल २०२२ पासून प्रौढांसाठी दुकानांतून विक्री सुरू झाली. वय २१ पूर्ण असावे लागते. एका वेळी एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, विकत घेता येतो आणि सहा औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम, जवळ बाळगता येतो. खरेदीसाठी राज्याचा रहिवासी असण्याची अट नाही. वयाचा पुरावा पुरतो. डिस्पेन्सरीत, म्हणजे गांजाच्या परवानाधारक दुकानात, कोणीही व्हिसा विचारत नाही, आणि बऱ्याच जणांचा गैरसमज नेमका तिथेच सुरू होतो.

या परवानगीला राज्यातही मर्यादा आहेत. घरी रोप लावणे हा अजूनही गंभीर गुन्हा आहे. घरमालक भाडेकरूला घरात गांजा ओढण्यास मनाई करू शकतो. नशेत गाडी चालवली तर दारू पिऊन चालवल्यासारखीच कारवाई होते. राज्यातील ५६४ नगरपालिकांपैकी बहुतेकांनी आपल्या हद्दीत दुकानेच नकोत असा निर्णय २०२१ मध्ये घेतला होता, तरीही तिथल्या रहिवाशांना गांजा बाळगण्याची मुभा आहे.

हा कायदा मुळात का झाला, हे आपल्या लोकांना फारसे माहीत नसते. न्यू जर्सीत गोरे आणि कृष्णवर्णीय लोक साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढत असताना, त्यासाठी अटक होण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत सुमारे तिप्पट होते. खिशात सापडलेल्या थोड्याशा गांजामुळे नोकरी, भाड्याचे घर, शिक्षणाची मदत, सगळेच हातचे जात असे. १ जुलै २०२१ नंतर राज्याच्या न्यायालयांनी अशी साडेतीन लाखांहून अधिक प्रकरणे आपल्या नोंदींतून काढून टाकली. मला हा कायदा न्याय्य वाटतो, आणि माझ्या उत्तराचा पुढचा भाग गांजाविरोधी प्रचार म्हणून कोणी वाचू नये एवढ्यासाठी ते इथे नोंदवते.

आता संघराज्याचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा. १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याने गांजाला हेरॉइनच्या रांगेत, पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक यादीत बसवले. मे २०२४ मध्ये न्याय विभागाने तो तिसऱ्या अनुसूचीत हलवण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा “आता सगळे मोकळे होणार” असे आपल्याकडच्या अनेकांना वाटले. परंतु तिसऱ्या अनुसूचीतील पदार्थही नियंत्रितच असतात, आणि मौजेसाठी त्यांचे सेवन तिथेही बेकायदेशीरच ठरते. एखादे राज्य आपल्या पोलिसांना आणि न्यायालयांना ‘यासाठी शिक्षा करू नका’ असे सांगू शकते. संघराज्याचा कायदा रद्द करणे मात्र त्याच्या हातात नसते. आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व, हद्दपारी हे सगळे विषय संघराज्याच्या अखत्यारीत येतात.

गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय आपले काही बिघडत नाही, अशी आपली ठाम समजूत असते. अमेरिकेचा स्थलांतर कायदा मात्र नियंत्रित पदार्थांच्या बाबतीत वेगळा आहे. परदेशी व्यक्तीला प्रवेश नाकारण्यासाठी गुन्हा सिद्ध झालेला असणे आवश्यक नसते. त्या व्यक्तीने अधिकाऱ्यासमोर रीतसर दिलेली कबुलीसुद्धा पुरेशी ठरू शकते. अटक नाही, खटला नाही, दंड नाही, केवळ “हो, एकदा मित्रांबरोबर घेतला होता” असे मोकळेपणाने दिलेले उत्तर आयुष्याची दिशा बदलू शकते.

ही कबुली देण्याचे प्रसंग आपल्या वाट्याला नेहमी येतात. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात, नियंत्रित पदार्थांविषयीचा कोणताही कायदा तुम्ही कधी मोडला आहे का, असा थेट प्रश्न असतो, आणि मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा घेण्यासाठी, जाणारा प्रत्येक जण त्याचे उत्तर देऊन सही करतो. ग्रीन कार्डसाठीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टर अमली पदार्थांविषयी विचारतात; तिथले उत्तर फक्त डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात राहत नाही, त्याची नोंद सरकारी अहवालात होते. गांजा कायदेशीर असलेल्या कॅनडात सुट्टी घालवून परत येताना सीमेवरचा अधिकारी विचारू शकतो, आणि ग्रीन कार्ड असले तरी हा धोका पूर्णपणे टळत नाही. नागरिकत्वाच्या अर्जाबाबत तर नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा खात्याने एप्रिल २०१९ मध्ये धोरणच स्पष्ट केले: राज्याने परवानगी दिलेली असली तरी गांजा बाळगणे किंवा त्या व्यवसायात काम करणे हे अर्जदाराच्या सच्चारित्र्याच्या विरोधात धरले जाऊ शकते.

त्यातला व्यवसायाचा उल्लेख मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी आयुष्यात कधी सिगारेटही ओढली नाही, अशी आपली किती तरी मुले संगणक सल्लागार म्हणून एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे पाठवली जातात, आणि तो ग्राहक उद्या डिस्पेन्सऱ्यांची साखळी असू शकतो. तिथे हिशेब लिहिणे किंवा साठ्याची प्रणाली सांभाळणे हे काम निरुपद्रवी वाटते, पगारपत्रकही रीतसर असते. तरीही असे काम स्वीकारण्यापूर्वी वकिलाला विचारलेच पाहिजे.

जुन्या प्रकरणांची नोंद राज्याने काढून टाकली तरी स्थलांतर खात्याच्या दृष्टीने तो दोष सहसा पुसला जात नाही. हद्दपारीच्या नियमात, स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याच्या एकाच गुन्ह्याला अपवाद ठेवलेला आहे. राज्य १७० ग्रॅमची मुभा देते आणि हा अपवाद ३० ग्रॅमवर संपतो, एवढ्यावरून या दोन कायद्यांमधील अंतर लक्षात यावे.

आजीआजोबांचा प्रश्न वेगळा असतो. गुडघे दुखतात, झोप लागत नाही, शेजारच्या बाईंना गमीजने, म्हणजे गांजाचा अर्क घातलेल्या चघळायच्या गोळ्यांनी, आराम पडला, मुलगा आणून देतो म्हणतो, तेव्हा घ्याव्यात का? न्यू जर्सीच्या कायद्यात त्यांना आडकाठी नाही. पण पुढच्या वेळी व्हिसाचे नूतनीकरण करताना तोच डीएस-१६० अर्ज त्यांनाही भरायचा असतो, आणि नातवंडांना भेटण्याची वाट त्यावर अवलंबून असते. उरलेल्या गमीज बॅगेत टाकून मुंबईला नेणे तर पूर्णपणे टाळावे. भारतात १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा लागू होतो, तिथे एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाणात’ मोडतो आणि त्यासाठीही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. डिस्पेन्सरीची पावती विमानतळावर कामाला येत नाही. “आपल्याकडे शिवरात्रीला भांग चालतेच की” असेही काही जण म्हणतात. भारतीय कायदा नुसती पाने गांजाच्या व्याख्येतून वगळतो हे खरे. अमेरिकी कायद्याच्या व्याख्येत मात्र पानेही येतात.

जे नागरिक झाले आहेत, त्यांच्या बाबतीत माझे उत्तर बरेच सौम्य असते. तरी उन्हाळ्यात आपली मंडळी ज्या सँडी हूकच्या किनाऱ्यावर डबे घेऊन जातात, तो संघराज्याच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे आणि तिथे राज्याची मुभा चालत नाही. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गांजा नेणेही बेकायदेशीर आहे.

राहता राहिले ते, ज्यांनी हे सगळे ठाऊक नसताना आधीच गांजा घेतला आहे. ते मला हळू आवाजात विचारतात, “मग अर्जात ‘नाही’ लिहू का?” खोटे लिहू नका. सरकारला दिलेली खोटी माहिती हा स्वतंत्र दोष आहे, आणि त्यामुळे अमेरिकेची दारे कायमची बंद होऊ शकतात. अर्ज भरण्याआधी, प्रवासाला निघण्याआधी आणि वैद्यकीय तपासणीची वेळ घेण्याआधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला भेटा आणि जे घडले ते तारखांसह सांगा. वकिलाशी झालेले ते बोलणे गोपनीय राहते. फोनमधील छायाचित्रे आणि संदेश सीमेवर तपासले जाऊ शकतात, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.