चाबी फिरवली का, ताई?

मागच्या शनिवारी नागपुरात वर्धा रोडवरच्या एका पंपावर माझ्या गाडीत पेट्रोल गेलं. गाडी डिझेलची. चूक त्या पोराची की माझी, यावर घरात अजून वाद सुरू आहे. मी फोनवर बोलत होते आणि काचेतून नुसतं "फुल कर" म्हणाले, हे कबूल. लक्ष गेलं ते दरामुळे. डिझेलचा दर नव्वदीतला, आणि मीटरवर शंभराच्या वरचा आकडा! "अरे थांब, थांब" म्हणेपर्यंत नऊ लिटर टाकीत उतरलं होतं.

वाडीच्या आमच्या मेकॅनिकला फोन लावला. बाबांचा ट्रक होता तेव्हापासूनचं हे गॅरेज. आता मुलगा बघतो. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, "चाबी फिरवली का, ताई?"

"नाही."

"मंग वाचल्या. आता हातही नोका लावू तिले. ढकलून बाजूले घ्या, मी येतो."

पंपावरच्या दोघांनी गाडी ढकलून हवा भरायच्या मशीनजवळ लावली. तासाभराने हा कॅन आणि पाइप घेऊन हजर. चाबीवर एवढा जोर कशाला, असं मी विचारलं. चाबी नुसती ऑन केली तरी टाकीतला छोटा पंप इंधन पुढे ढकलायला लागतो, म्हणाला. मग त्याने माझी दोन बोटं पुढे करायला लावली. एकावर पेट्रोलचा थेंब, दुसऱ्यावर डिझेलचा. "आता चोळा." पेट्रोलचं बोट गार पडलं आणि बघता बघता कोरडं, पांढुरकं झालं. डिझेलचं तेलकटच राहिलं. घरी येऊन दोनदा साबण लावला तरी वास जाईना.

"पुढचा मोठा पंप या तेलावरच जगते, ताई. पेट्रोल गेलं का लोखंडावर लोखंड घासते."

तो मोठा पंप म्हणजे हाय-प्रेशर पंप. आजच्या गाड्यांमध्ये तो डिझेलला दीड-दोन हजार बारपर्यंत दाबतो. आपल्या टायरमधली हवा दोन-सव्वादोन बारची असते, त्यावरून अंदाज करा. त्याला वेगळं वंगण नाही, वाहणारं डिझेलच त्याचं वंगण. पेट्रोल त्याला धुऊन काढतं, धातूचा कीस निघतो आणि तो थेट इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांत जाऊन बसतो.

पण मुळात डिझेल इंजिनाला पेट्रोल चालत का नाही? मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, तरी हे मला कळलं ते बाबांकडून, सातवी-आठवीत असताना. सायकलला हवा भरत होते. "पंपाचं तोंड बोटाने दाबून धर आन् मार जोरात," म्हणाले. दहा-बारा वेळा मारल्यावर नळी चटका बसेल इतकी तापली. "ट्रकात हेच होते. प्लगच नाही त्याले."

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल मिसळून साधारण ९ ते १२ पट दाबतात आणि स्पार्क प्लगची ठिणगी टाकतात. डिझेल इंजिन नुसती हवाच आत घेतं, ती १५ ते २० पट दाबतं, हवा ५०० अंशांच्या वर तापते, आणि ऐन वेळी त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. वर्गात मी विचारते, लवकर पेटतं कोण? सगळे ओरडतात, पेट्रोल. काडी लावली तर खरंच. पेट्रोलची वाफ लगेच भडकते आणि बशीतल्या गार डिझेलमध्ये काडी विझते. पण काडी न लावता, नुसत्या उष्णतेने, डिझेल आधी पेटतं. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा सांगतो की ते दाबाखाली न पेटता किती दम धरतं. डिझेलचा सिटेन आकडा सांगतो की ते किती पटकन पेटतं. म्हणजे दोघांची परीक्षाच उलटी! रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीत, आउग्सबुर्गला हे इंजिन चालवून दाखवलं, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती.

बाबांच्या ट्रकाला बंद करायला चाबी कामाची नव्हती. ठिणगीच नाही तर बंद काय करणार? डॅशबोर्डखाली एक स्टॉप वायर होती, ती ओढली की डिझेल तुटायचं आणि ते धूड दोन गचके खाऊन थांबायचं. ती वायर ओढायचा मान माझा. एकदा मनसरच्या पुढे डिझेल संपलं. कॅनने आणून ओतलं, तरी चालू होईना. मोटरसायकलला पेट्रोल ओतलं की किक मारून निघता येतं; इथे नळीत हवा शिरलेली. क्लीनर बोल्ट ढिला करून हाताने पंप मारत बसला. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. एअर काढायची म्हणजे काय, ते मी टॉर्च धरून पाहिलंय.

आज नवी डिझेल गाडी घेईन का? नाही. प्रतापनगर ते धरमपेठ एवढंच माझं जाणंयेणं. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतल्या, डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळीची जाळी असते. ती काजळी जळायला जाळी तापावी लागते, आणि तेवढं तापायला गाडी हायवेवर पळवावी लागते. माझ्या एक सहकारी त्या जाळीचा दिवा लागला की रविवारी सहकुटुंब बुटीबोरीपर्यंत फेरी मारून येतात! ज्यांना रोज अमरावती गाठायची आहे, त्यांनी खुशाल घ्यावी.

टाकी रिकामी झाली, नवं डिझेल आणलं, फिल्टर बदलला. पहिल्या चाबीला चालू झाली, तीच खडखड. मी त्याला म्हटलं, टाकीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात 'डिझेल' असं काहीतरी रंगवून दे. त्याने झाकण उघडलं आणि माझ्याकडे वळवलं. कंपनीने आतून छापलेलंच होतं.