सरकार पडत नाही, बंद पडतं

अमेरिकेत शटडाउन झालं, म्हणजे पैशाच्या मंजुरीअभावी सरकारी कामकाज बंद पडलं, की आपल्याकडे अनेकांना वाटतं, आता सरकार जाणार. जात नाही. तिथे सरकार पाडायची सोयच नाही, आणि ती का नाही हे कळलं की तिथली सत्तेची वाटणी निम्मी समजते.

आपल्याकडे मंत्री संसदेतूनच येतो. बाहेरचा घेतला तर 6 महिन्यांत त्याला खासदार व्हावं लागतं. अमेरिकेत नेमकं उलट. तिथे सरकारी पद आणि काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, सदस्यत्व एकाच वेळी ठेवता येत नाही, असं राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात आहे. म्हणून जानेवारी 2025 मध्ये मार्को रुबिओ परराष्ट्रमंत्री झाले ते सिनेटची, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाची, जागा सोडूनच. दोन्हीकडे पाय असलेला एकटा उपाध्यक्ष. सिनेटचं अध्यक्षपद त्याच्याकडे असतं, पण मत देता येतं ते समसमान मतं पडली तरच.

त्यामुळे राष्ट्राध्यक्ष काँग्रेसमधल्या बहुमतावर उभा नसतो. त्याची 4 वर्षं ठरलेली. अविश्वास ठराव नाही. महाभियोग आहे, पण धोरण पटलं नाही म्हणून तो चालवायचा नसतो; देशद्रोह, लाचखोरी किंवा तसाच गंभीर गुन्हा हवा. काँग्रेसचं दुसरं सभागृह, प्रतिनिधिगृह, साध्या बहुमताने आरोप ठेवतं, सिनेटमध्ये दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात. 1868 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या विरोधात 35 मतं पडली, बाजूने 19. लागत होती 36. आजवर एकही अध्यक्ष या वाटेने पदावरून गेलेला नाही.

मग अध्यक्ष आणि काँग्रेस यांचं फाटलं की अडतो तो पैसा. तिजोरीतून डॉलर काढायचा तर काँग्रेसने कायदा करावा लागतो. आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि त्याआधी खर्चाची 12 विधेयकं मंजूर व्हायला हवीत. 1997 च्या आर्थिक वर्षानंतर ती सगळी एकदाही वेळेत झालेली नाहीत. तात्पुरती मंजुरी घेऊन दिवस ढकलले जातात, आणि तीही फसली की शटडाउन. फसते ती बहुधा सिनेटमध्ये. तिथे चर्चा संपवायलाच 100 पैकी 60 मतं लागतात. हा 60 चा आकडा घटनेतला नव्हे, सिनेटने स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. 2025 चं शटडाउन 43 दिवस चाललं आणि हवाई वाहतूक नियंत्रक त्या काळात बिनपगारी कामावर होते. सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेची पेन्शन मात्र थांबली नाही, कारण तिचा पैसा दरवर्षीच्या मंजुरीवर अवलंबून नाही.

विधेयक मंजूर झालं तरी अध्यक्षाची सही उरतेच. त्याला रविवार सोडून 10 दिवस मिळतात. सही करायची, किंवा आक्षेप लिहून परत पाठवायचं. परत आलेलं पुन्हा मंजूर करायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. नुसतं ठेवून दिलं आणि काँग्रेसचं अधिवेशन चालू असेल, तर सहीविना कायदा होतो. अधिवेशन संपलेलं असेल तर विधेयक बाद, त्याला पॉकेट व्हेटो म्हणतात.

नको त्या रकमेवर तेवढी काट मारायचा अधिकार 1996 च्या कायद्याने अध्यक्षाला दिला होता. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. आता विधेयक घ्यायचं तर सगळं, नाहीतर सगळंच परत. आणि परत केलेलं असताना 1 ऑक्टोबर उजाडला, की कार्यालयांना कुलपं.