भोंग्याचा डावा कान: पाच महिने, अकरा स्लाइड आणि एक कुसळ

निघालं! काल सकाळी डॉक्टरांनी माझ्या बीगल कुत्र्याच्या, भोंग्याच्या, डाव्या कानातून लांब चिमटा बाहेर काढला आणि त्याच्या टोकाला काळपट, मळात लडबडलेलं, जेमतेम सव्वा सेंटिमीटरचं कुसळ होतं. धुऊन, वाळवून मी ते काचेच्या बाटलीत घालून, त्याच्या कानातल्या मळाच्या स्लाइड ज्याखाली बघतो त्या मायक्रोस्कोपशेजारी ठेवलंय. डिसेंबरपासून डाव्या कानाच्या नोंदी वाचत आलेल्यांना त्या बाटलीची किंमत कळेल.

मागच्या नोंदीत आपण अडकलो होतो ते इथे: उजवा कान एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निवळला. खाण्याची ॲलर्जी आहे का ते कळावं म्हणून नुसता चिलापी मासा आणि रताळं सुरू करून महिना झाला होता, स्लाइडवर मायक्रोस्कोपच्या एका दृष्टिक्षेत्रात एखाद-दुसरं यीस्ट (एकपेशी बुरशी), वास नाही, लाली नाही. डावा मात्र तसाच. तीच तपकिरी मळ, तोच आंबूस वास, आणि कानाच्या मुळाशी बोट लावलं की भोंगा अंग चोरायचा. मी सगळा दोष ॲलर्जीवर ढकलून बसलो होतो. तुम्हा वाचकांपैकी तिघा-चौघांनी तेच सुचवलं होतं आणि ते चूकही नव्हतं. बीगलचे लोंबते कान, आत हवा नाही, त्यात ॲलर्जीची कातडी, म्हणजे यीस्टला घरच मिळालं.

पण नवव्या स्लाइडवर काहीतरी वेगळं दिसलं. मलॅसेझिया, म्हणजे कानातलं ते नेहमीचं यीस्ट, तर होतंच. लीशमन रंगानं रंगवल्यावर ते भुईमुगाच्या शेंगेसारखं, मध्ये आवळलेलं दिसतं. सोलापूरच्या माणसाला ती खूण दुसऱ्यांदा शिकवावी लागत नाही. त्याच्या जोडीला गोल जीवाणूंचे पुंजके आणि भरपूर पू-पेशी होत्या, काहींच्या पोटात गिळलेले जीवाणू. निव्वळ यीस्टच्या कानात पू-पेशी सहसा इतक्या नसतात. दहावीतही तेच. फोटो घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी फोटो पाहिले, दोन्ही कान हुंगले आणि म्हणाले, "ॲलर्जी अख्ख्या कुत्र्याला असते. एक कान सुधारतो आणि दुसरा हटून बसतो, तेव्हा त्या कानाचं स्वतःचं काहीतरी दुखणं असतं. कुसळ, गाठ, नाहीतर पडद्याच्या पलीकडचं काही. आत बघितल्याशिवाय आता एक थेंबही घालायचा नाही."

आता डिसेंबरात का दिसलं नाही, हे कुणीतरी विचारणारच. तेव्हाही त्यांनी कानात बघायचा ऑटोस्कोप घातला होता. पण कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग आत आडवी वळते. भोंग्याची उभी नळी सुजून इतकी अरुंद झाली होती की ऑटोस्कोपचं शंकूसारखं टोक, म्हणजे कोन, वळणापलीकडे जाईना. दिसली ती फक्त मळ. जागा कुत्रा, दुखरा कान, त्यात आणखी रेटणं म्हणजे पडदा फाडायला जाणं. त्यांनी तेव्हा रेटलं नाही, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. थेंबांनी दोन आठवड्यांत बरं वाटलं, तीन आठवड्यांत परत आलं, मग फेब्रुवारीत दुसरी फेरी. आत कुसळ तसंच होतं, म्हणून दर वेळी नव्यानं सुरुवात.

या वेळी क्रम असा ठरला. आधी दहा दिवस प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या, म्हणजे सूज उतरून नळी उघडेल. मग उपाशीपोटी गुंगीचं इंजेक्शन. मग कोमट सलाइननं हळूहळू धुणं, आणि स्वच्छ झाल्यावर कोनातूनच चिमटा आत. कुसळ आडव्या नळीत, पडद्याच्या अलीकडे, टोक आतल्या बाजूला करून बसलं होतं. निघाल्यावर डॉक्टरांनी मला कोनातून बघू दिलं. पडदा शाबूत! करडा, ताणलेला, भोक नाही. मला तिथल्या तिथे रडू आलं. पडदा फाटलेला असता तर जेंटामायसिनसारखी औषधं कानात घालताच आली नसती, ती आतल्या कानाला मारक ठरू शकतात. प्रकरण मधल्या कानापर्यंत गेलं असतं आणि मग पुण्याची वारी होती.

कुसळ आलं कुठून, याचं उत्तर वहीत सापडलं. नोव्हेंबरअखेर आम्ही होटगीच्या बाजूच्या माळावर तीन रविवार लागोपाठ गेलो होतो. गवत पिवळंधमक, गुडघ्याएवढं. भोंगा नाक जमिनीला लावून ससा हुंगत होता आणि दोन्ही कान गवतातून झाडूसारखे फिरत होते. घरी आल्यावर पंज्यांतली, पोटाखालची कुसळं मी वेचली. कानाच्या पाळीची आतली बाजूही पाहिली. भोकात डोकावलो नाही.

कुसळी गवताची रचना बाटलीतून पाहतोय तसा थक्क होतोय. टोक सुईसारखं, त्यामागे उलट्या दिशेचे ताठ केस. पुढे जायला मोकळं, मागे यायला बंद. मागे शेपटीसारखा पिळदार दोर. ओल मिळाली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि त्या फिरण्यानं बी जमिनीत रुततं. गवताला हे पावसासाठी मिळालंय. ओलसर, उबदार कानात तेच यंत्र चालू राहिलं तर काय होईल, ते तुम्हीच बघा. म्हणून माळावरून आल्यावर कुत्रं अचानक मान झटकू लागलं, डोकं एका बाजूला कलतं धरू लागलं, तर "उद्या बघू" म्हणू नका. पहिल्या दिवशी कुसळ नळीच्या वरच्या भागात असण्याची शक्यता जास्त, आणि तेव्हा काढणं फार सोपं.

साधनांबद्दल थोडं, कारण विचारणा झाली होती. मोबाइलला जोडायचा स्वस्त कान-कॅमेरा मी मागवला होता. घेऊ नका. वळणापलीकडचं त्याला दिसत नाही, कुत्रं हललं की टोक भिंतीला लागतं, आणि स्क्रीनवरची लाली बघून आपण उगाच औषधं बदलायला लागतो. कापूस लावलेल्या काड्याही नकोत, त्या मळ आत ढकलतात. बोटाला गुंडाळलेला कापूस आणि नळी भरेल इतकं क्लीनर, मुळाशी चोळायचं, त्याला डोकं झटकू द्यायचं, वर आलेलं टिपायचं. टिपायला आपला इथलाच टेरी टॉवेल. अक्कलकोट रोडकडच्या एका कारखान्यातून कडा बिघडलेले टॉवेल मी किलोवर आणतो, उकळून वापरतो. बाजारात प्राण्यांसाठी म्हणून मिळणारे पातळ रुमाल त्यांच्यापुढे काहीच नाहीत.

आहाराचं. मार्चच्या १ तारखेला सुरू केलेली मोजणी १२ व्या दिवशी मोडली, कारण बाबांनी त्याला कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीसकट दिला. मी चिडलो तेव्हा ते म्हणाले, "एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय बे?" मग त्यांना उजव्या कानाच्या दोन स्लाइड शेजारी-शेजारी दाखवल्या. गिरणीत सुताचा दोष नजरेनं पकडणारा माणूस. त्या दिवसापासून घरात सगळ्यात कडक पहारा त्यांचाच आहे. शेजारची मुलं गेटाशी आली की बिस्किटं खिशात घालायला लावतात. मोजणी १३ मार्चपासून परत सुरू. आज ४ मे, ५३ वा दिवस. गोचिडांची चघळायची गोळीही तेव्हाच बंद केली, कारण तिच्या चवीत कुठलं मांस आहे हे खात्रीनं कळेना. मानेवर टाकायचे थेंब चालू आहेत. चिलापी उजनीची, काटे काढून उकडलेली. बक्षिसाला रताळ्याच्या चकत्या. सोलापूरच्या मे महिन्यात गच्चीवर टाकल्या की एका दिवसात कुरकुरीत होतात. या उन्हाचा एवढा फायदा मी आजवर कधी घेतला नव्हता!

आठ आठवडे गुरुवारी पुरे होतात आणि शुक्रवारी चिकन देऊन त्रास परत येतो का ते बघायचं, असं ठरलं होतं. ही नोंद लिहिताना तारखांचा तक्ता मांडला आणि थबकलो. प्रेडनिसोलोनचे दहा दिवस याच काळात आलेत. त्यानं खाज दबते. म्हणजे गेल्या दोन आठवड्यांत पंजे चाटणं थांबलं, ते चिलापीमुळे की गोळ्यांमुळे, हे सांगताच येत नाही. उजव्या कानाचा निकाल गोळ्यांच्या आधीचा, तो टिकतो. खाजेचा टिकत नाही. लिहिणं तसंच सोडून डॉक्टरांना फोन केला. त्यांनाही पटलं. आता शेवटच्या गोळीनंतर तीन आठवडे हाच आहार, आणि खाज शांत राहिली तरच चिकन. त्यानंतर १४ दिवस वाट बघायची. मुदत वाढली म्हणून कॅल्शियमची बिनस्वादाची पूड मोजून घालायला सांगितलीय, कारण नुसत्या मासा-रताळ्यावर लांब काळ ठेवणं बरं नाही.

वजन १३.९ किलो. जानेवारीत १५.८ होतं. गोळ्यांच्या दिवसांत पाण्याचं भांडं तीनदा भरावं लागलं आणि भूक तर विचारूच नका, तरी ३०० ग्रॅमच चढला. बरगड्या हाताला लागतात आता. थायरॉइडचं विचारलं होतं त्यांच्यासाठी: तपासणी जानेवारीतच करून घेतली, स्टेरॉइडच्या आधी, कारण स्टेरॉइडनं टी४, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, खोटं कमी दिसू शकतं. भोंग्याचं नॉर्मल आलं. जाड, सुस्त, वरचेवर कान-कातडी बिघडणारा बीगल असेल तर ही तपासणी टाळू नका. कमी निघालंच तर गोळी जन्मभराची, पण कुत्रं पालटतं.

वाचकांच्या प्रश्नांची दोन उत्तरं राहिली होती. ज्यांच्या पिल्लाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गोळा आलाय, त्यांनी तो कापून टाकायला होकार देऊ नये; ती जागेवरून सरकलेली ग्रंथी असते. अश्रूंचा मोठा वाटा तीच बनवते. खिसा करून परत आत बसवणारा सर्जन शोधा, थोडं लांब जावं लागलं तरी. आणि नऊ महिन्यांच्या पिल्लाची मान ताठ, ताप आणि किंचाळणं, हे "झोपेत अवघडलं असेल" म्हणून सोडू नका. तरुण बीगलमध्ये मेंदूच्या आवरणाची एक सूज होते. जीवाणू नसतात, स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते. मणक्यातलं पाणी तपासून निदान होतं आणि स्टेरॉइडचा कोर्स काही महिने, हळूहळू कमी करत चालतो. वेळेत सापडलं तर बहुतेक पिल्लं छान बरी होतात.

काल रात्री भोंगा डाव्या कुशीवर झोपला. डिसेंबरपासून तो त्या कुशीवर झोपला नव्हता. सकाळी साडेसहाला त्यानं पेपरवाल्याला बघून गळा काढला, पूर्ण लांब, खालून वर चढणारा. बाबांनी त्याचं नाव गिरणीच्या भोंग्यावरून ठेवलं ते याच आवाजासाठी.

आता नवीन खूळ. त्याच टॉवेलच्या कापडाची कानपट्टी शिवायची, दोन्ही कान डोक्याला अलगद धरून ठेवणारी, गळ्याला न आवळणारी. ऑक्टोबरात गवत वाळायच्या आत तयार हवी. टेरी उन्हात गरम होईल का, असं लिहिता लिहिता वाटतंय. कदाचित आत सुती मलमल आणि बाहेरून घट्ट विणीचं चादरीचं कापड, ज्यात कुसळ शिरणार नाही. भोंग्याच्या डोक्याचा घेर कानांच्या मुळाशी ३६ सेंटिमीटर आहे. तुमच्या बीगलचा मोजून कळवा, म्हणजे एकाच कापडात तीन मापं बसवून बघतो. अकरावी स्लाइड कालची, धुतल्यानंतरची होती. बारावी १८ मे रोजी.